भाऊजी जुनं गिट बसवतात

आमच्या भाऊजींना ऑफिसात सगळे 'चौतीस' म्हणतात. तोंडावर नाही हं, माघारी. तोंडावर 'सर'. गिट नावाचं एक सॉफ्टवेअर असतं, त्याचं दोन पॉइंट चौतीस पॉइंट एक हेच व्हर्जन त्यांना चालतं, अलीकडचं नाही की पलीकडचं नाही, म्हणून चौतीस. गिट काय ते ठाऊक नसलं तरी कुणाचं काही अडत नाही. चारजण मिळून प्रोग्राम लिहितात तेव्हा कुणी काय बदललं आणि कधी बदललं, ते नावानिशी जपून ठेवायचं काम ते करतं. काही बिघडलं तर आधीच्या जागी परत जाता येतं, आणि बिघडवणं हा कुणाचा प्रताप तेही कळतं. फुकट मिळतं, लिनक्स म्हणून विंडोजसारखंच एक असतं, त्यावर एका ओळीत बसतं. भाऊजींच्या हातून बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. आमची कंपनी लहानशी. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करते. मशीनमध्ये रक्ताची नळी ठेवली की आकडे येतात, ते उचलून नीट रिपोर्टवर छापायचे, एवढंच. मी तिथं टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या. स्वभावाला धरून नोकरी मिळाली, असं ताई म्हणते. नोकरी मी लावून दिली, असं भाऊजी म्हणतात, आणि पगाराच्या दिवशी न चुकता म्हणतात. मुलाखत मी दिली होती, हे त्यांना कोण सांगणार!

भाऊजी तिथले सिस्टिमवाले. पूर्वी झाडू-बादल्या ठेवायच्या त्या खोलीत एक काळा डबा घुरघुरत असतो, तो सर्व्हर. त्या खोलीची किल्ली भाऊजींच्या कमरेला. आत जाताना चेहरा असा करतात की ऑपरेशनलाच निघालेत. आत एवढा वेळ काय करता विचारलं तर म्हणतात, "मॉनिटरिंग." मी एकदा दाराच्या काचेतून डोकावले. फोनवर कुणीतरी गाडी धुतोय त्याचा व्हिडिओ बघत होते. बाहेर आले आणि मान चोळत म्हणाले, "आज लोड फार होता." प्रिंटर अडला, चहाचं मशीन अडलं, लिफ्ट अडली, कशाचंही काही झालं तरी त्यांचं निदान ठरलेलं. "व्हर्जन वाढवलं असणार कुणीतरी. कशाला हात लावतात लोक चालत्या गोष्टीला?"

आता हे चौतीसचं खूळ आलं कुठून? तर गिटवाल्यांनी मध्यंतरी एक शहाणपणा केला. तुम्ही दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरमध्ये शिरून काम करायला लागलात, तर नवीन गिट काम थांबवतं आणि सांगतं की बाबा, या फोल्डरची मालकी मला संशयास्पद वाटते. हरकत नसेल तर अमुक एक ओळ टाइप कर, मग काम पुढे चालू. ती ओळसुद्धा तिथंच छापून देतं. उचलायची, चिकटवायची, संपलं. पण भाऊजींनी जन्मात कुठल्या मेसेजची दुसरी ओळ वाचलेली नाही. पहिली वाचली आणि तडकले. "माझ्या फोल्डरवर संशय? माझ्या?" घराच्या दारात कुणी चोर म्हटल्यासारखे लाल झाले होते. त्याच दिवशी त्यांनी मागचं व्हर्जन परत आणलं आणि ते पुढे हलणार नाही असा बंदोबस्त करून टाकला. ते व्हर्जन म्हणजे चौतीस.

आणि त्या फोल्डरमध्ये परकं कोण शिरत होतं? आमची ताई!

ताई भाऊजींच्याही आधीपासून त्या ऑफिसात प्रोग्रामर होती. मशीनकडून आकडे उचलायचा भाग, ज्याच्यावर कंपनी जगते, तो तिनं लिहिला. दर मशीनची तऱ्हा वेगळी. एक आकडे उलटे पाठवतं, एक मध्येच गप्प होतं, एक रिकामी नळी ठेवली तरी तब्येत ठणठणीत म्हणून सांगतं. ताईला त्या सगळ्यांचे नखरे तोंडपाठ. मुलगी झाली तेव्हा तिनं नोकरी सोडली आणि तेच काम कंत्राटावर घरून करायला लागली. तेव्हा भाऊजी म्हणाले, "वेगळं फोल्डर कशाला? सर्व्हरवर माझ्याच फोल्डरमध्ये काम कर. मी परमिशन देतो." परमिशन देतो म्हणे! काम तिचं आणि परमिशन ह्यांची. फोल्डर ह्यांचं, फोल्डरच्या सेटिंगमध्ये नाव ह्यांचं. त्यामुळं त्यात कुणी काहीही लिहून जपलं की गिट इमानेइतबारे नोंद करणार, हे भाऊजींनी केलं.

म्हणजे बघा. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, एकीकडे वॉशिंग मशीन धडधडतंय, दुसरीकडे लेक गणितावरून रडतेय, आणि ताई डोकं शांत ठेवून ओळीमागून ओळ लिहितेय. आणि नोंद कुणाची, तर झाडूच्या खोलीत गाडी धुण्याचे व्हिडिओ बघणाऱ्याची. मी किती वेळा तिला म्हटलं, "ताई, एका ओळीचं काम आहे, तुझं नाव घाल." ती म्हणायची, "राहू दे गं. घरातलंच नाव आहे." घरातलंच आहे तर एखाद्या वेळी तुझं का नाही, असं विचारलं की तिला नेमकं काहीतरी ओट्यावर उतू जाताना दिसायचं.

यंदा ऑफिसात नव्या मॅडम आल्या. बोलायला गोड नाहीत, पण आडपडदाही नाही. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की कंत्राटावरच्या माणसांचं काम तपासायचं. ज्याचं काम दिसेल त्याला कायम करायचं, ज्याचं दिसणार नाही त्याचं कंत्राट बंद. आणि तपासणार कशावरून? गिटमधल्या इतिहासावरून. शुक्रवारी सगळे बसू म्हणाल्या.

ताई कायम होण्याची वाट बघत होती, किती वर्षं ते तिलाच ठाऊक. लेक आता मोठी झाली होती, तिला परत ऑफिसात जायचं होतं, स्वतःच्या खुर्चीवर बसायचं होतं. बातमी कळली त्या संध्याकाळी मी तिच्याकडेच होते. जेवताना तिनं भाऊजींना विचारलं, "अरे, इतिहासात सगळीकडे तुझंच नाव दिसणार. मॅडमना आधी सांगून ठेवशील ना?"

"सांगतो की. त्यात काय एवढं?" भाऊजी म्हणाले आणि वाटी पुढे केली.

"मीच सांगते उद्या," मी म्हटलं.

ताईनं माझ्याकडे असं बघितलं की मी घास गिळला. भाऊजी हात धुवायला उठल्यावर हळूच म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस. त्याला बोलू दे. माझ्यासाठी त्यानं बोलावं असं मला वाटतं, कळलं?" कळलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण कळलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात जुन्या सर्व्हरनं राम म्हटला. नवा डबा आला. त्यावर नवं लिनक्स, नवं लिनक्स म्हणजे नवं गिट. भाऊजींनी जुनं सगळं तसंच्या तसं त्यात उतरवलं. सकाळी ताईनं घरून सर्व्हरला जोडून काम उघडलं आणि गिटनं तिला दारातच अडवलं. मालकी संशयास्पद. तिनं भाऊजींना फोन केला. भाऊजी खुर्चीतून उठले, शर्ट खोचला आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "चौतीस बसवावं लागणार."

मी ताईकडून तो मेसेज मागवून घेतला होता. म्हटलं, "भाऊजी, खाली लिहिलंय बघा काय करायचं ते. एक ओळ आहे."

"मेव्हणीबाई, तुम्ही टेस्टर ना? टेस्टिंग करा."

मग सुरू झाला तमाशा. आधी त्यांनी लिनक्सला सरळ सांगितलं, मला चौतीस दे. लिनक्स म्हणालं, असलं व्हर्जन माझ्याकडे नाही. भाऊजींनी तीच ओळ परत टाइप केली, या खेपेला बटणं जोरात दाबून. तरी नाही. मग त्यांना कुणीतरी सांगितलं की जुनं व्हर्जन हवं असेल तर त्याचा मूळ कोड उतरवून घ्यावा लागतो आणि आपल्या मशीनवर स्वतः बांधून काढावा लागतो. अवघड नाही, वाचून करणाऱ्याला. भाऊजींनी एक वेबपेज उघडलं आणि त्यावरच्या ओळी जशाच्या तशा उचलून चिकटवायला लागले. ओळीच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह असतं, ते नुसतं इथून टाइप करा असं दाखवायला असतं. भाऊजींनी तेही उचललं. सर्व्हर म्हणाला, डॉलर नावाचा हुकूम मला माहीत नाही. भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "नव्या लिनक्समध्ये हाच प्रॉब्लेम आहे."

मी तोंडावर रुमाल धरला. शेजारच्या डिझायनरनं खुर्ची फिरवून भिंतीकडे केली, तिचे खांदे हलत होते.

डॉलर गेले तर लायब्ररी, म्हणजे आधाराला लागणारा तयार कोड, नाही म्हणून अडलं. ती बसवली तर दुसरी नाही. दर वेळी खाली चक्क नाव लिहून येत होतं की अमकी वस्तू आण. भाऊजी दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करायचे. सगळं पुसायचं, परत उतरवायचं, परत बांधायला घ्यायचं आणि कमरेवर हात ठेवून सरकणाऱ्या अक्षरांकडे बघत उभं राहायचं. अक्षरं भराभर सरकायला लागली की त्यांना फार बरं वाटतं. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होते, "कंपाइल चाललंय. जवळ येऊ नका." जवळ आल्यानं काय होणार होतं देव जाणे!

मी मधूनच विचारायची, "मॅडमशी बोललात का?"

"आधी व्हर्जन तर बसू दे."

एकदाचं बसलं. स्क्रीनवर चौतीस दिसलं आणि भाऊजींनी टाळी वाजवली. सगळ्यांसाठी चहा मागवला. कप तोंडाला लागायच्या आत ताईचा फोन. तिला अजून नवंच दिसत होतं, अजून अडवतच होतं. भाऊजी म्हणाले, "इथं व्यवस्थित आहे. तुझ्याच लॅपटॉपचा दोष असणार." बिचारीनं लॅपटॉप बंद करून चालू केला. दोनदा.

दोष लॅपटॉपचा कसला! मूळ कोडातून गिट बांधताना कुठं बसवायचं ते सांगावं लागतं. नाही सांगितलं तर बसवणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात, त्याच्या लॉगिनपुरतं जाऊन बसतं. भाऊजींनी सांगितलं नव्हतं, म्हणून चौतीस एकट्या भाऊजींच्या खात्यात सुखानं नांदत होतं, आणि बाकी ऑफिसाला आणि ताईला नवीनच. मी हे शोधून काढलं आणि सांगितलं. भाऊजींनी स्क्रीन वर-खाली सरकवली. मग म्हणाले, "तेच मी बघत होतो." आणि परत पहिल्यापासून.

शेवटी गुरुवारी दुपारी चौतीस सगळ्यांसाठी बसलं. ताईचं काम चालू झालं. भाऊजींनी अख्ख्या ऑफिसला मेल धाडला, सर्व्हर पूर्ववत, सहकार्याबद्दल आभार. मॅडम स्वतः त्यांच्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "तुम्ही सर्व्हरही सांभाळता आणि मशीनचा सगळा भागही तुम्हीच लिहिलाय, मी इतिहास चाळत होते. कमाल आहे."

मी शेजारच्याच टेबलावर. म्हटलं, बोला आता. यापेक्षा चांगली वेळ काय मिळणार? अहो, तुमच्या तोंडाशी आणून दिलंय त्यांनी!

भाऊजींनी मान डोलावली. "टीमवर्क आहे, मॅडम," म्हणाले. आणि पेन उचलून कानामागे खोचलं.

शुक्रवारी बसलो. मॅडम, भाऊजी, मी, डिझायनर, आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर ताई. तिनं निळा शर्ट इस्त्री करून घातला होता, केस नीट बांधले होते, मागचं वाळत घातलेल्या कपड्यांचं स्टँड बाजूला केलं होतं. मला एकदम गलबलून आलं. मॅडमनी इतिहास उघडला आणि ताईचं नाव शोधलं. एकही नोंद आली नाही. त्यांनी परत शोधलं.

"तुमच्या नावावर काहीच दिसत नाही," त्या म्हणाल्या.

ताई कॅमेऱ्याकडे बघत होती, म्हणजे आमच्याकडे. भाऊजी टेबलावरच्या वायरीचा गुंता सोडवत होते. सोडवायलाच हवा होता ना तेव्हाच तो! मी मनात दहा म्हणेपर्यंत थांबणार होते. चारवर राहवलं नाही.

"मॅडम, मशीनचा सगळा भाग ताईनं लिहिलाय. फोल्डर भाऊजींचं आहे म्हणून त्यांचं नाव लागतं. विचारा त्यांना."

मॅडम भाऊजींकडे वळल्या. "खरंय का हे?"

एवढा सोपा प्रश्न. हो म्हणायचं होतं. एक अक्षर. चौतीस बसवायला आठवडा घालवणाऱ्या माणसाला एक अक्षर टाइपसुद्धा करायचं नव्हतं, नुसतं तोंडानं काढायचं होतं. भाऊजींनी वायर खाली ठेवली. मॅडमकडे बघितलं, मग स्क्रीनकडे न बघता म्हणाले, "म्हणजे... ती मला थोडीफार मदत करते."

डिझायनरनं तोंडावर हात ठेवला. मी उभीच राहिले. "भाऊजी, लाज वाटत नाही?" मॅडम म्हणाल्या, बसा. मग त्यांनी ताईला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का?

ताई म्हणाली, "नाही. त्यांनी सांगितलंय ना."

आयुष्यभर त्याला अरे म्हणणारी माझी बहीण त्या दिवशी 'त्यांनी' म्हणाली. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. मदतीसाठी वेगळं कंत्राट ठेवता येणार नाही म्हणाल्या, आणि मशीनच्या भागाचं प्रमुखपद त्यांनी भाऊजींना दिलं. स्क्रीन बंद झाली.

मी संध्याकाळी थेट ताईकडे गेले. ती टेबलावर लॅपटॉप समोर घेऊन बसली होती, शर्ट अजून तोच. थोड्या वेळानं भाऊजी आले. आले आणि बूट सोडता सोडताच सुरू झाले. "अगं, तिथं सगळ्यांदेखत कसं सांगणार? मॅडम आधीच माझ्याबद्दल चांगलं बोलून बसल्या होत्या. त्यांना काय वाटलं असतं? आणि शेवटी सगळं घरातच आलं ना? पगारही वाढणार माझा."

मी दात आवळून बसले. बोलले असते तर काय बोलले असते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"आणि हो," भाऊजी म्हणाले, "त्या मोठ्या लॅबनं नवं मशीन घेतलंय. सोमवारी सकाळी चालू करून द्यायचंय. तेवढं दोन दिवसांत करून टाक."

ताईनं लॅपटॉप फिरवून त्यांच्यासमोर ठेवला. खुर्ची मोकळी केली. "बस," म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे लिही. मी थोडीफार मदत करते ना? थोडीफार लागली तर विचार." मग मला म्हणाली, "चल, जरा खाली जाऊन येऊ."

भाऊजी हसले. त्यांना वाटलं, चिडलीय, येईल वळणावर. हसत हसतच खुर्चीत बसले, बाह्या वर सारल्या.

आम्ही जिना उतरलो. खालच्या वळणावर ताई एकदम पायरीवर बसली. मला वाटलं पाय मुरगळला. बघते तर रडत होती, आवाज न करता, इस्त्रीच्या बाहीनं नाक पुसत. मी शेजारी बसले आणि तिचा हात धरला. म्हणाली, "अगं, मला खरंच वाटलं होतं, तो सांगेल. शेवटपर्यंत वाटत होतं."

मला एक क्षणही वाटलं नव्हतं, पण ते तिला सांगण्याची ही वेळ नव्हती. तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

वर दार उघडलं. कठड्यावरून वाकून भाऊजींनी हाक मारली. आवाजात काळजी नव्हती की खंत नव्हती, थोडी घाई होती एवढंच.

"अगं ए, हे मशीनचं सगळं कुठल्या फाईलमध्ये असतं?"

ताईनं मान वर केली. तोंड उघडलं, सवयीनं. मग ओठ मिटले, माझा हात घट्ट धरला आणि तशीच बसून राहिली. वरून परत हाक आली.